शाळा सोडल्याचं कारण

दाखला? कसला दाखला? न्हाई बाई, माज्याकडं दाखला-बिकला काय न्हाई. कुणी सांगिटलं तुमास्नी? — शिरवळच्या शाळंनं? पत्र धाडलंय? आसंल धाडलं, त्यास्नी दुसरं काम काय हाय. आन तुमी त्या विनोदिनीबाईंच्या जागंवर आलाय म्हणा की. नव्या. तरीच. जुन्या बाई आसत्या तर माज्या दारात आल्याच नसत्या — न्हाई, वायीट न्हवती बाई, मी कवा म्हटलं वायीट व्हती? बदली झाली तिची, वाईकडं गेली, आपल्या माणसात गेली. बरं झालं. बसा की. उभ्या काय ऱ्हाताय, खुर्ची हाय ती मोडकी न्हाई, नुसती हालती. शाळंपास्नं हितंवर उन्हाचं चालत आलाय, तोंड बगा कसं लाल झालंय. पाणी पिता? आमच्यातलं चालंल न्हवं? — न्हाई, इचारून घ्यावं. म्हातारा हाय मी, मला इचारायची सवय हाय. घ्या. माठातलं हाय. — पिला की. सगळं पिला. बरं.

आता काय म्हंता, दाखल्याबिगर पोरीचा निकाल अडीवणार? दुसरीच्या पोरीचा? अरं वा रं शाळा! वरीसभर बसवून घेतली, पाटी पुसून घेतली, वर्ग झाडून घेतला, आन आता म्हणं कागद आणा. मला ठावं न्हाई बाई. उंदरानं खाल्ला आसंल. न्हाई तर पोस्टात गेला आसंल कुटं तरी, त्या नानासो पोस्टमनला इचारा, त्येची पिशवी फाटकी हाय, निम्मी पत्रं वड्यातच पडत्यात. दुसरी प्रत काढायला पोलीस पाटलाचा कागद लागतो? मग आणा. मी कशाला यीऊ? मी कुटं जात न्हाई. माज्या गुडघ्यात पाणी झालंय.

काय? काय म्हटलासा? — पत्रात तसं लिवलंय? वाचती? दीक्षा? वर्गात पैली? — कोण म्हंतं? न्हाई, तसं न्हवं, आनंद हाय की, का न्हाई आनंद. नात हाय माजी. खरं मला एक सांगा बाई, ती वाचती म्हंजी कशी वाचती? पैल्यापास्नं म्हणत जाती, का मधनंच बोट ठेवून इचारलं तरी सांगती? खालनं वर इचारलं तर? चित्र झाकून? — पत्रात येवडं लिवलेलं नसतंय, व्हय. मला वाटलं आसंल. सहज इचारलं. मला काय करायचंय.

न्हाई, बसा वो. दुपारची एस्टी गेली, आता चारला हाय. ह्या उन्हात थांब्यावर काय करणार, तितं पत्रा सुदिक न्हाई. ही गल्ली बगा कशी मेल्यागत पडलीया. बाया सगळ्या बेदाण्याच्या शेडवर गेल्यात, पोरं कॅनॉलवर. दिसभर हितं मी आन ती कोंबडी. ती सुदिक माजी न्हवं, धोंडुबाईची हाय, हितं नुसती हगाय येती.

पोरगी माज्याकडं कशी आली म्हंता — माज्या आर्जुनानं आणून सोडली. आर्जुना म्हंजी माजा ल्योक. कुपवाडला कारखान्यात व्हता, मी बी तितंच वॉचमन व्हतो बारा वर्सं. त्यो कारखाना बंद पडला, ह्यो गेला शिरवळला, नवी कंपनी निघालीया म्हणं हायवेवर. एक खोली, त्यात सूनबाई दुसऱ्यांदा गरवार, जागंवरनं उठायचं न्हाई म्हणून डाक्टरनं सांगिटलेलं. मग पोरगी माज्याकडं. मी म्हटलं, आन. सोड. मी काय घासतोय हितं. आमची लक्षुमी जाऊन तवा पाच वर्सं झाल्याली — लक्षुमी म्हंजी माजी मालकीण, लक्ष्मीबाई — तवापास्नं मी एकटाच. भाकरी येती मला, कालवण येतं, फक्त दोन टायमाला एकट्यानं ताट घ्यायचा कटाळा येतो. आता बगा, पाच वर्सं मी उभ्यानंच जेवत व्हतो, चुलीम्होरं. पोरगी आली आन पैल्याच दिवशी म्हणाली, आज्जा, खाली बस की, पाय दुकत न्हाईत व्हय तुजे? — तवा बसलो.

शाळंत मीच घातली. ह्या हातानं. बोटाला धरून नेली, विनोदिनीबाईंनी इचारलं वय काय, मी म्हटलं सा, त्यांनी लिवलं. लय गोरीगोमटी बाई, बोलणं आसं पुस्तकातलं. मी म्हटलं ही काय टिकत न्हाई हितं. एका खोलीत पैली आन दुसरी, पोरं साठ, आन बाई येकली. खरं टिकली. आवो काय काय करायची! दाराला चिठ्ठी चिकटवली, ‘दार’. खिडकीला चिठ्ठी, ‘खिडकी’. माठाला, खडूच्या डब्याला, त्या मोडक्या घड्याळाला सुदिक. मी म्हटलं, बाई, दार हाय ती दिसतंय की, लिवायचं कशाला? ती हसली. म्हणाली, काका, डोळ्यांना रोज दिसलं की ओळख होते. चिंचोकं गोळा कराय लावायची, गणितं त्यावर. मी पोतंभर चिंचोकं निऊन दिलं. मंग माजा तिच्यावर रागच ऱ्हायला न्हाई — आता रागवायला कोण तरी पायजे म्हणून रागवतो मी, ती काय खरं नसतं.

तर श्रावणात तिनं सभा घेतली. आईबापांची. शनवारी, शाळा सुटल्यावर. आमच्या गल्लीतनं कोण जाणार? समदी कामावर. तर बाई सोता दारोदार फिरली, आत्ता तुमी आलाय तशी. मग झाडून सगळी गेली. पोरांच्या बस्करांवर आमास्नी बसवलं, माजं तर गुडघं कानाला लागलं. बाई म्हणाली, बगा, साठ मुलं आहेत, मी एकेकाचं वाचन रोज ऐकू शकत नाही. तुम्ही ऐका. दिवे लागले की मुलाला शेजारी बसवा, एक धडा वाचून घ्या, आणि या वहीत सही करा. बास. मारू नका, चुकलं तर रागवू नका, नुसतं शेजारी बसा. तांबड्या पुट्ट्याची वही दिली एकेकाला, आत बाईनंच रेघा मारलेल्या, तारीख, धड्याचं नाव, आन कडंला जागा — ‘ऐकलं’ म्हणून सही करायला. मला लय पटलं. म्हटलं, ही काम आपल्याला जमतंय. बसायचं आन ऐकायचं. ऐकण्यात मी कुणाला हार जायाचा न्हाई.

आन मंग बाई म्हणाली — आजून दिसती मला, खडूचं हात झाडत उभी — म्हणाली, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी हात वर करा. लाज वाटून घेऊ नका. त्यांना मी वेगळी युक्ती सांगते. चला माझ्याबरोबर, व्हरांड्यात.

व्हरांड्यात.

काय न्हाई. ऊन तोंडावर आलं. ती कवाड जरा लोटा.

धोंडुबाईनं हात वर केला. ही शेजारची, कोंबडीवाली. दोन हात वर केलं तिनं, जसं काय तिला कुणी बक्षीस देणार हाय. आणिक आठधा बाया उठल्या, दोन बाप्ये उठले, गेली सगळी बाईच्या मागनं भाईर हसत हसत. मी न्हाई उठलो. मी चौथी शिकलेला माणूस हाय! गल्लीत इचारा कुणाला बी, धोंडिराम चौथी हाय म्हणून सांगत्याल. मुंबईचं पत्र आलं, तलाठ्याचा कागद आला, पैल्यांदा माज्याकडं घिऊन येत्यात. मी म्हंतो, चष्मा फुटलाय. — न्हाई म्हंजी, फुटलेलाच व्हता. कारखान्यात सही करत व्हतो मी मस्टरवर. अंगठा न्हवं, सही. सुपरवायझरनं शिकवली, तीन दिवस गिरवून घेतली. ही बगा, आजून वळणदार येती.

तुमी आशी का बगताय? बरं, न्हाई चौथी. सांगतो. तुमी परक्या गावच्या, आज हाय उद्या न्हाई, तुमास्नी सांगिटलं काय आन न्हाई काय. मी दोन वर्सं गेलो शाळंत. त्याच शाळंत, तवा ती कौलारू व्हती. खरं आमास्नी आत घेत नसत. आमी चार पोरं व्हरांड्यात. गुरुजी आत शिकवायचे, आमी भाईरनं ऐकायचं. पाढं पाठ, कविता पाठ, सगळं पाठ — आजून इचारा, सतराचा पाढा इचारा मला. गुरुजीच म्हणायचे, ह्या व्हरांड्यातल्याचा कान तिखट हाय. खरं फळा भितीपल्याड. फळा कवा दिसलाच न्हाई मला. कानानं आलं तेवडं आलं. मग बापानं म्हसरांमागं धाडलं. आन पन्नास वर्सांनी त्या खोलीत मला आत बसाय मिळालं, बस्करावर, फळ्याम्होरं, नातीचा आज्जा म्हणून — आन ही बाई म्हंती, चला व्हरांड्यात. तिला काय ठावं. तिची काय चूक. आमच्या आर्जुनाच्या वयाची सुदिक न्हवती ती. खरं माजं बूडच उचललं न्हाई बगा. मी बसून ऱ्हायलो, आन फळ्यावर काय काय लिवलेलं व्हतं त्याच्याकडं बगत, मान हालवत.

युक्ती काय व्हती ती मला फुडं कळली, लय उशिरानं. धोंडुबाईनंच सांगिटली, आपल्या तोंडानं. तिची नात अक्षता, दीक्षाच्याच वर्गात. बाईनं त्यास्नी सांगिटलेलं म्हणं, पोरगं वाचाय लागलं की मधीच कुटं तरी बोट ठेवा आन इचारा, ही काय? चित्रावर हात ठेवा. खालच्या वळीपास्नं वाचाय लावा. आडखळलं तर समजा पाठ म्हंतंय, दुसऱ्या दिवशी मला सांगा. तुमाला येत नसलं तरी कळंल. — कळंल की न्हाई? कळतंच. ती अडाणी बाई बोट ठेवून बसायची रोज, आन तिची अक्षता आता अख्ख्या गल्लीची पत्रं वाचती.

आन आमच्याकडं मी. चौथी.

काय सांगू बाई तुमास्नी, काय ती संध्याकाळ व्हायची. बल्ब लावायचा, घोंगडं टाकायचं, दीक्षा पुस्तक घिऊन बसायची मांडीला मांडी लावून. त्यो करडाचा धडा हाय बगा, करडू एकटंच वड्याला जातं आन हारवतं — ‘करडू म्हणाले, मी एकटा जाईन. आई म्हणाली, वाट मोठी आहे.’ — आसं म्हणायची, बाईच्या चालीत, बाईगत मान हालवून. अक्शी टकाटका. कुटं आडखळायची न्हाई. पान संपलं की बोटाला थुकी लावून पान उलटायची. मला वाटायचं, माजं दात पडलं त्याचं कायबी न्हाई, ही ऐकाय कान हाईत न्हवं शाबूत. मग ती म्हणायची, आज्जा, सही. मी सही करायचो. सही झाली की पुस्तक मिटायची, आन मग बोलायची, शाळंतलं, कोण पडलं, कोण रडलं, बाईची साडी कसली व्हती. सही करूस्तवर मी वाट बगायचो त्या बोलण्याची. पाच वर्सात माज्याशी कोण येवडं बोललं न्हवतं.

मग दिवाळी झाली, आन एक दिवस वाचता वाचता लाईट गेली. दिवं लागायच्या टायमालाच जाती आमच्याकडं, तुमी बगितलंच आसंल. गप्पकन आंधार. मी काडीपेटी हुडकाय लागलो. आन पोरगी — पोरगी थांबलीच न्हाई. ‘आई म्हणाली, वाट मोठी आहे.’ तसंच फुडं. त्या आंधारात. पान उलटल्याचा सुदिक आवाज आला मला.

मी काडी वडली न्हाई. काडीपेटी घावली व्हती हातात. तसाच बसलो. धडा संपला, लाईट आली, तिनं वही फुडं केली. म्हणाली, आज्जा, सही.

मी केली.

का केली म्हंजी काय? तुमी बी इचारताय? आवो, न्हाई केली आसती तर फुडं काय? बाईला सांगाय जायचं, पोरगी पाठ म्हंती. बाई म्हणणार, काका, येवडं दिवस तुमाला कसं कळलं न्हाई? तुमी तर हात वर केला न्हवता. झालं मग, गल्लीभर. आन दुसरं — दुसरं आर्जुना. त्याला कळलं आसतं तर त्येनं त्याच दिवशी पोरगी उचलून न्हेली आसती. शिकायचं म्हटलं की त्यो कुणाचं ऐकत न्हाई, त्याला आमीच तसं वाडवलंय, बाबासाहेबांच्या फोटूम्होरं उभं करून. मी म्हटलं, सूनबाई बाळंतीण हुईस्तवर. म्हटलं, येती पोरगी हळूहळू, वय काय तिचं. आसं मी रोज मनाला सांगायचो आन रोज सही करायचो. उन्हाळ्यात परीक्षा झाली ती बी तोंडी, त्याच धड्याची. बाईनं वही बगितली, समद्या पानांवर माजी सही. पास. बाईनं माजी वही वर धरून सगळ्यास्नी दावली. म्हणाली, एक बी दिवस चुकला नाही, असा पालक पाहिजे. टाळ्या वाजवल्या माज्यासाठी. वाजवत व्हते, मी बसलो व्हतो.

आन पोरीनं ती पाठ म्हणायचं सोंग आणलं कुटनं? लबाड न्हवती ती. बगा, आमच्या समाजमंदिरात दर पुनवंला वंदना आसती. पुस्तकं हाईत बारकी, म्हणणाऱ्यांनी हातात धरायची. चाळीस वर्सं मी फुडं बसून वंदना म्हणतोय, सगळ्यात मोठ्यानं, पुस्तक हातात धरून. अक्षर न् अक्षर तोंडपाठ. पान कुटं संपतंय ती बी ठावं, बरूबर तितं बोटाला थुकी लावून उलटतो. लक्षुमीला सुदिक कवा कळलं न्हाई. आन ती पोरगी वरीसभर माज्या मांडीवर बसून व्हती की वो तितं. पुस्तकात तोंड घालून. तिला वाटलं, वाचणं म्हंजी हेच.

...न्हाई, धूर गेला डोळ्यात. चूल न्हाई पेटल्याली? मग धूळ गेली. तुमी कशाला बगताय तिकडं.

आर्जुना आला दुसरीची शाळा सुरू झाल्यावर. आषाढात. नातू झाला त्येला पाच-सा म्हैनं झाल्यालं, ऱ्हायल्यालं पेढं घिऊन, आन पोरीला सांगलीचं भडंग. भडंग खाऊन झालं, कागद ऱ्हायला, पेपरचा तुकडा. आर्जुना हसत म्हणाला, दीक्षे, वाच बरं ह्यावर काय हाय. पोरीनं कागद धरला. माज्याकडं बगितलं. मग धडा म्हणाय लागली वो, करडाचा. त्या पेपरच्या कागदावर. माज्या आर्जुनाचं तोंड आसं झालं — मी सांगू शकत न्हाई. त्येनं कागद काडून घेतला, एकेका अक्षरावर बोट ठेवलं, ही काय, ही काय. काय न्हाई. ‘द’ तेवडा आला, नावातला. मग त्येनं वही काढली दप्तरातनं. पानं उलटली. सगळीकडं मी. पोरगी रडत माज्याकडं आली, म्हणाली, आज्जा, तू सांग की बापूला, मी वाचती का न्हाई? तू ऐकतोस न्हवं रोज?

मी म्हटलं, वाचती. मी ऐकलंय.

तवा आर्जुनानं त्यो भडंगाचा कागद माज्याम्होरं धरला. नुसता धरला. मी म्हटलं, चष्मा. त्यो म्हणाला, दादा, चष्मा डोळ्यावर हाय तुमच्या.

भांडला आसता तर बरं झालं आसतं. भांडला न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं घिऊन गेला. जाताना पोरगी पुस्तक हितं ठिवून गेली, पैलीचं. म्हणाली, आज्जा, तुला ठेवलंय, रोज वाचत जा दिवं लागल्यावर. — तिला आजून वाटतंय मला येतं. ती बगा ती, फळीवर. म्हणतो की मग. एकटाच म्हणतो. पान बी उलटतो. धडा संपला की जरा बसतो, कोण सही मागंल म्हणून.

तुमी लय हुशार हाय बाई. गप बसून माणसाला बोलाय लावता. उठा आता. व्हय, हाय दाखला. माज्याकडंच हाय. उंदरानं काय खाल्ला न्हाई.

आर्जुनाचं पत्र आलेलं, दाखला काढून रजिस्टर करा म्हणून. अक्षतानंच वाचून दावलं. गेलो मी. विनोदिनीबाई लिवत व्हती, नाव, जात, जन्मतारीख, मोठ्यानं म्हणत म्हणत. आन खाली एका जागंवर थांबली. म्हणाली, शाळा सोडल्याचं कारण. आन पेन तसंच वर धरून माज्याकडं बगितलं. आर्जुनानं तिला सगळं सांगिटलं व्हतं, जाताना. मग मान खाली घालून काय तरी लिवलं — ती मोठ्यानं म्हटलं न्हाई तिनं. घडी घालून दिलं. मी खिशात घातलं आन घरला आलो, आन ट्रंकंत ठेवलं. तितंच हाय.

कुणाकडनं वाचून घेऊ? अक्षताकडनं? नानासोकडनं? आज्जाला वाचाय येत न्हाई, खोट्या सह्या केल्या, म्हणून पोरीला काडलं — आसं गल्लीत वाचून दावू? आन शिरवळला धाडून काय करू? त्या शाळंत वाचत्याल. ती एक बरं, परकी माणसं. खरं दीक्षा वाचाय लागंल न्हवं कवातरी. दाखला जल्मभर ऱ्हातो. मोठी हुईल, नोकरीला जाईल, कागद उघडंल आन वाचंल. मग? मग ऱ्हाऊ दे म्हटलं ट्रंकंत. मला काय ठावं शाळावाले निकाल अडीवत्यात. तुमी सांगिटलासा तवा ठावं. माज्या एका कागदानं पोरगी दुसरीतच बसणार व्हय पुन्यांदा. — थांबा. थांबा, काडतो. किल्ली कमरंलाच हाय.

घ्या.

न्हाई, पिशवीत घालू नगा. आदी वाचा. मोठ्यानं. वरलं नगो, वरलं मी ऐकलंय, ती खालचं, कारण. हितं — हितं हाय न्हवं? मला जागा ठावं हाय. वाचा. कवाड लोटलेलं हाय, कोण ऐकत न्हाई. वाचा म्हंतो न्हवं!

काय?

पुन्यांदा.

‘वडिलांच्या नोकरीनिमित्त गाव सोडले.’ — येवडंच? फुडं? फुडं बगा, मागच्या बाजूला बगा. वर्तणूक चांगली. प्रगती ठीक. आन? बोट ठेवा बरं एकेका अक्षरावर. आसं. सावकाश. — न्हाई? सह्यांचं न्हाई काय? वहीचं?

लय चांगली बाई व्हती वो ती. लय चांगली. मी तिला दहा म्हैने शिव्या घातल्या ह्या खोलीत बसून.

मग वर बगा. वर कुटं आसंल. वडिलांचं नाव — आर्जुना धोंडिराम. ती त्येचं झालं, त्यो धोंडिराम त्येच्या नावातला. तसं न्हवं. मी म्हंतो, आज्जा म्हणून. कुणी शाळंत घातली, कुणाकडं ऱ्हात व्हती, रोज संध्याकाळी कोण बसत व्हतं — तशी रेघच न्हाई? छापल्यालीच न्हाई? वरीसभर पोरगी माज्याकडं व्हती बाई. वायीट तर वायीट, खरं कायतरी आसंल वाटलं व्हतं मला. दहा म्हैने मी ह्या कागदाला भ्यालो, आन ह्यात मी न्हाईच.

घाला पिशवीत. आजच टाका पोस्टात, पलूसला जाऊन टाका, नानासोकडं दिऊ नगा. — काय? न्हाई. नगो. काय बोट ठेवून शिकवताय मला आता, ह्या वयात? व्हय, लागत न्हाई येळ, ठावं हाय. संध्याकाळी? तुमी येणार, हितं? कशाला? न्हाई म्हटलं न्हवं. मी चौथी हाय, गल्लीत इचारा.

ती पुस्तक खाली ठेवा. जागंवर ठेवा त्येच्या. जावा, चारची गाडी यील. जावा म्हंतो न्हवं, बाई. आन कवाड — ऱ्हाऊ द्या तसंच. उघडंच ऱ्हाऊ द्या.